उंटासाठी बोली

बाळांनो, मागच्या सुट्टीत तुमच्यापैकी कोणीतरी (मी नाव घेत नाही, ज्याचं त्याला ठाऊक आहे) बुद्धिबळातला काळा उंट खिशात घालून आपल्या जव्हारजवळच्या शिरपामाळला फिरायला नेला आणि तिथेच सोडून आला. मग उंटाच्या जागी मी मोहाची बी ठेवू लागले. तुमचे आजोबा पहिल्याच डावात हरले आणि म्हणाले, "बी गडगडते. असल्या पटावर मी खेळणार नाही."

दुपारी जेवणानंतर एक डाव, हा आमचा लग्नापासूनचा नेम. तो मोडला आणि रिकामे आजोबा स्वयंपाकघरात आले. डब्यांची झाकणं वाकडी का, गॅस एवढा मोठा का, सगळी चौकशी. उंटाची गरज त्यांच्यापेक्षा मला जास्त होती, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

नवा पट त्यांना नको होता. शेवटी इंटरनेटवरच्या एका लिलावात आपल्या पटासारखाच जुना शिसवी पट मोहऱ्यांसकट दिसला. तिथे बोली आपोआप लावायची सोय असते. आपण जास्तीत जास्त किती देऊ, ते एकदाच गुपचूप सांगून ठेवायचं. दुसऱ्या कोणी बोली लावली की यंत्र आपल्या वतीने त्याच्यापेक्षा थोडीशीच वर लावतं, आणि आपला आकडा कोणालाच दिसत नाही. विश्वासू माणसाला बाजारात धाडावं, तसंच. मी बाराशे सांगितले. त्याहून एक रुपया जास्त देणं म्हणजे मूर्खपणा, असंही आजोबांना बजावलं.

शेवटच्या दिवशी दुपारी पडद्यावर साडेसहाशे दिसत होते आणि बोली आमचीच वर होती. मी चहा ठेवायला उठले. आजोबा मात्र त्यांच्या गावच्या, पोशेऱ्याच्या उत्सवात देवाच्या नारळाचा लिलाव ऐकत वाढलेले. तिथे ज्याचा आवाज थांबला, तो हरला.

"अगं, तू गप्प का? तिकडे कोणीतरी तीनवार म्हणेल!"

"आपलं यंत्र बोलतंय."

"कुठे बोलतंय? मला तर काही ऐकू येत नाही."

मी चहात आलं घालेपर्यंत त्यांनी पंधराशे टाकले. आकडा साडेसहाशेच. त्यांनी अठराशे टाकले. तरी साडेसहाशेच.

"बहिरं आहे हे!"

"अहो, तुम्ही स्वतःच्याच नाकावर टिच्चून बोली लावताय. समोर दुसरा कोणी आला तरच आकडा हलेल. नुसती तुमची मर्यादा वाढली."

"मग वाढू दे. नारळाच्या वेळी आमचे वडील असंच करायचे."

"आणि नारळ?"

"दरवर्षी आमच्याच घरी. सगळ्यांत महाग."

मी पोटभर हसले. मर्यादा परत खाली आणता येईल का, ते बघायला चष्मा पुसत होते, तेवढ्यात आकडा उडाला. साडेसहाशेवरून एकदम साडेचौदाशे! कोणीतरी लबाड शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसला होता आणि त्याने चौदाशे लावले होते. यंत्राने त्याच्यावर पन्नास चढवले आणि लिलाव संपला. पट आमचा झाला.

माझ्या बाराशेवर पट हातचा गेलाच असता. हे आजोबांना कळायला चहाचे दोन घोट लागले. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"मूर्खपणा म्हणालीस ना?"

हे वाक्य त्यांनी पार्सल येईपर्यंत रोज वापरलं. दूध घालायला साखरशेतहून येणाऱ्या बाईंनाही सगळी हकिकत ऐकवली. त्या म्हणाल्या, "एका उंटासाठी आख्खा पट घेतला व्हय बाबा? बकरी आली असती." एवढ्या पैशांत बकरी येत नाही, पण मी आपलं दूध मोजून घेतलं.

पार्सल आलं. आजोबांनी काळा उंट उलटासुलटा करून पाहिला, सदऱ्याला पुसला आणि पट मांडला. पहिल्याच डावात मी त्यांना मात दिली. आता गडगडायला बीसुद्धा नव्हती. त्यांनी उंट पुन्हा हातात घेतला.

"याला अजून जव्हारची हवा मानवलेली नाही," ते म्हणाले. "उद्या परत मांड."

डब्यांची झाकणं आता मी पुन्हा मला हवी तशी लावते. वाकडी.