दारातून पान बघणाऱ्या बाई

मेश्राम बाई संगणकावरचं पान कधी जवळून बघत नसत. पान उघडायच्या, उठायच्या, उलट्या पावलांनी दारापर्यंत जायच्या आणि तिथून डोळे बारीक करून बघायच्या. तिथून एक अक्षर वाचता येत नसे. मला म्हणायच्या, "वाचू नको वो, नुसतं पाह्य. वाचलं का मानूस भुलते."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. नवऱ्याला भरवेलीच्या खाणीत काम मिळालं म्हणून मी मिरजेकडून इथे आले. शाळा आठवीत सुटलेली, ओळखीचं कोणी नाही. बाईंनी मला अर्ज टाइप करायला शिकवलं, फी घेतली नाही. त्याचीच मला धास्ती होती.

बाई तर प्रत्येकावर संशय घ्यायच्या. गॅसवाल्याचा सिलिंडर हलवून बघायच्या, पंचांगातली सुट्टी दुसऱ्या पंचांगाशी ताडून बघायच्या. क्लासमधल्या संगणकांवर फुकट मिळणारी प्रणाली होती. जगभरातले लोक मिळून ती बनवतात. बाई सांगायच्या, "इतके वर्सं वापरलं, कोनी एक रुपया मांगला नाही. मले शक आला. मंग त्याईची माहितीची पानं पाहाले बसली." फसवणूक सापडली नाही, पण पानं विस्कटलेली सापडली. कुठे तिसरी पायरी दुसरीला चिकटलेली, कुठे अर्धा तक्ता रेषेबाहेर. ती पानं कोणीही दुरुस्त करून पाठवू शकतं, हे कळल्यापासून दुपारी क्लास रिकामा झाला की बाई तेच करत.

एक दिवस म्हणाल्या, आता तू कर, तुझ्या नावाचं खातं उघडू. घरी सांगितलं तर नवऱ्याचा घास हातातच राहिला. फुकट शिकवते, वर तुझं नाव आणि मोबाईल नंबर मागते. उद्या पोलीस दारात आले की कळेल, म्हणाला. रात्रभर मलाही तसंच वाटत राहिलं. तरी नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

पहिलं पान मी जीव लावून नीट केलं. पायऱ्या सुट्या केल्या, आणि छान दिसावं म्हणून प्रत्येक परिच्छेदाआधी पाच जागा मोकळ्या सोडल्या. कलेक्टर ऑफिसच्या अर्जात सोडायला बाईंनी शिकवलं होतं तशाच. बाईंनी दारातून पाहिलं, खूश झाल्या. पण संगणकावरच्या लिहायच्या खिडकीतच पाहिलं. तयार पान उघडून बघायचं राहिलं. पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या कोणा तपासणाऱ्याचं उत्तर आलं. त्या पानांवर ओळीआधी चार किंवा जास्त जागा सोडल्या की संकेतस्थळ तो मजकूर संगणकाची आज्ञा समजतं आणि करड्या चौकटीत टाकतं. माझे सगळे परिच्छेद चौकटीत जाऊन बसले होते. वर माझं नाव, सगळ्या जगाला दिसेल असं. मला वाटलं, याचसाठी माझं नाव हवं होतं. चूक झाली तर माझ्या माथी.

बाईंना विचारायला गेले. बाई खाली मान घालून तपासणाऱ्याला उत्तर टाइप करत होत्या. झाल्यावर वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं: ही चूक माझी आहे, मीच तिला असं शिकवलं, ती आज दुरुस्त करून पाठवेल. खाली त्यांचं पूर्ण नाव. मी जागा काढल्या. संध्याकाळी पान मंजूर झालं, माझ्याच नावावर.

तेव्हा मला राहवलं नाही. रडत सगळं सांगितलं, नवरा काय म्हणाला, मला काय वाटलं. बाई रागावतील असं वाटलं होतं.

"बरोबर केलं तू," त्या म्हणाल्या. "माह्यावर शक घेनारं कोनी नोतं इतके वर्सं. म्हनून तर त्या पाच जागा नजरेतून सुटल्या."

मग चहा मागवला आणि चहावाल्याने पाणी जास्त घातलंय म्हणून त्याला दोन शब्द सुनावले.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. तोपर्यंतची दोन वर्षं त्यांनी एकही पान मला दाखवल्याशिवाय पाठवलं नाही. आयुष्यभर लोकांना टायपिंग शिकवणारी बाई मला खुर्चीवर बसवायची, स्वतः स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसायची, आणि मी "हौ" म्हणेपर्यंत हलायची नाही.