सहा शहाणे आणि धनपालचा प्रोग्रॅम

धनपालला सगळी सांगली हुशार म्हणायची. असंल हुशार. पण ज्याला तोंड उघडून 'न्हाई' म्हणता येत न्हाई, त्याची हुशारी काय चाटायची हाय?

कॉलेजात गणित शिकवायचा. जैन शेतकऱ्याचं पोर, आवाज असा की शेजारच्यालाबी ऐकू यायचा न्हाई. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं संगणकाला बुद्धिबळ शिकवायचं खूळ घेतलं. सांगलीत कुठला आलाय संगणक? पुण्याला एका कचेरीत होता. दर शनिवारी हा प्रोग्रॅम उतरवलेल्या, भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन एस.टी.नं जायचा. रविवारी तासभर यंत्र मिळायचं. शेवटी तिथल्या साहेबानं सांगितलं, "यंत्रानं आमच्या कारकुनाला हरवून दाखवा. एका चालीला पाच मिनिटं. जिंकलात तर वर्षभर रविवार तुमचे, नाहीतर पुन्हा येऊ नका." धनपालचा सगळा जीव त्या रविवारात अडकलेला.

आता आमचं मंडळ ऐका. आमी सहा म्हातारे पेठेत रोज पट मांडून बसायचो. मी हंबीरराव, पाटणकडचा, फौजेतनं हवालदार होऊन सुटलेला. बाकीचे पाच इथलेच. धनपाल आमच्यातच खेळायला शिकला, म्हणून यंत्रानं कुठल्या मांडणीला किती गुण द्यायचे, याचा सल्ला मागायला आला. झालं! वडीलधाऱ्यानं शब्द टाकला की तो खाली पडू द्यायचा न्हाई, ही इथली रीत. केरबा म्हणाला, घोडा कडंला गेला की गुण काप. आकाराम मास्तर म्हणाले, प्याद्यामागं प्यादं आलं की काप. लालासाहेबांना उंटांची जोडी बायकोपेक्षा प्यारी, तिला जादा गुण पायजेत. जो तो शहाणा! आणि हे येडं मान डोलवत प्रत्येकाचा नियम कार्डांवर उतरवत गेलं.

पहिल्या रविवारी यंत्रानं सपाटून मार खाल्ला. कारकुनानं घोड्यानं राजाला शह दिला आणि पुढच्या चालीला त्याच घोड्यानं वजीर उचलला. शाळकरी पोरसुद्धा फसणार न्हाई असल्या डावाला. साहेब हसून म्हणाला, पुढच्या रविवारी आणखी एकदा, मग बास.

सोमवारी धनपाल माझ्या घरी आला.

"आवं दादा, यंत्र दोनच चाली पुढं बघतंय. आपली एक, त्याची एक. वजीर जातोय ते चौथ्या चालीला दिसतं."

"मग बघ की चौथी!"

"पाच मिनिटांत बसत न्हाई. एकेक मांडणी सहा नियमांनी जोखायची म्हणजे येळ सगळा त्यातच जातो. माझं मूळचं, मोहऱ्यांची किंमत आणि राजाची राखण, एवढंच मोजलं तर चार चाली बसतात. काहीच मोजलं न्हाई तर आणखी लांबचं दिसंल, पण दिसलं ते बरं का वाईट हे कळणार न्हाई. म्हणून ते दोन ठेवायचं."

माझं डोकंच फिरलं. "अरं मग बाकीचं काढून टाक की! केरबाला घोड्यातलं काय कळतंय? मास्तर स्वतःची प्यादी सांभाळू शकत न्हाईत. लालासाहेब तीन वर्षांत माझ्याशी एक डाव जिंकला न्हाई. असल्यांचा मान राखायला यंत्र घालवतोस? मेंढरू हायस गड्या तू, मेंढरू!"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "दादा, तुमचाबी काढू?"

माझा नियम म्हणजे, वजीर लवकर बाहेर काढायचा न्हाई. फौजेत मी याच्यावर किती डाव मारले, मोजदाद न्हाई. मी घसा खाकरला.

"माझं येगळं हाय रं. माझा राहू दे. बाकीच्यांचे काढ."

"बरं," म्हणाला.

त्या रविवारी मी त्याच्यासंगं पुण्याला गेलो. कारकून काही मोठा खेळाडू न्हवता, चाल करायच्या आधी बोटानं घरं मोजायचा. तरी त्यानं तोच शह दिला, तोच वजीर उचलला. साहेबानं हात जोडले. धनपालनं पेटी उचलली.

परतताना साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. मी चहा घेतला आणि तिथंच त्याच्यावर ओरडलो, "काढले न्हाईस ना त्यांचे नियम? भ्यालास ना?"

त्यानं चष्मा काढून पुसला.

"आवं दादा, तुमचा ठेवून त्यांचे कोणत्या तोंडानं काढू?"

लाज वाटली मला, लय लाज वाटली. गाडीत चढल्यावर त्याची पेटी मी माझ्या मांडीवर घेतली, ती सांगलीपर्यंत.