गँगमनचा लाल झेंडा

तीन वर्षांपूर्वीचा तान्हा पोळा, सकाळचे सात. जळक्या लोखंडाचा वास आला की ती वेळ आठवते. बंद पडलेल्या नॅरोगेज रेल्वेचे रूळ आम्ही काही निवृत्त माणसे हौसेने दुरुस्त करीत होतो. आमच्यातला म्हातारा गँगमन कामाआधी लाल झेंडा रोवी. रोवणाऱ्यानेच तो काढायचा, हा त्याचा नियम. त्या सकाळी त्याने झेंडा रोवला आणि जवळच एक भंगारचोर आमचा रूळ गॅसकटरने कापताना सापडला. “गाडी तं येत नाही बुढ्या, झेंडा कायले लावतं?” म्हणत त्याने झेंड्याला लाथ घातली. गँगमनने त्याची गचांडी धरली. चोराने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, त्याच्या डोक्यात हाणली. दुसरा घाव पडण्यापूर्वी मी घणाने चोराचे मनगट मोडले. दवाखान्याच्या वाटेवर गँगमन रक्तबंबाळ अवस्थेत एवढेच बोलला, “झेंडा मीच काढीन जी. हात नका लावू.” डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. संध्याकाळी मी एकटा रुळावर परतलो. कललेला झेंडा उपटला नाही. बुडाशी गिट्टी ठोकून सरळ केला.