दातावर दात

रविवारी दुपारी मिरजेत वीज जाते तेव्हा आधी डोक्यावरचा पंखा गप्प होतो, मग शेजारच्या गिरणीचा पट्टा, आणि जरा वेळानं माणसाच्या डोक्यातली घरघर. श्रेयांस चौगुले कामाच्या टेबलावर हातांची घडी घालून त्यावर डोकं टेकतो. झोपायचं नाहीये त्याला. वीज येईपर्यंत डोळे मिटायचेत, एवढंच.

समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेत. ही दातांची लॅब. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात आणि श्रेयांस त्यावरून कवळ्या नि कॅप बनवतो. शिल्पकलेची डिग्री घेतलेला माणूस दाढा कोरतो, हे तो गावी कुणाला नीट सांगत नाही. 'मेडिकल लाइनीत आहे' म्हणतो. वडिलांचं म्हणणं होतं, बी.फार्म कर, मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना मातीत कशाला हात घालतोस? आई एकटी त्याच्या बाजूनं भांडली, घरातला अबोला सोसला आणि त्याला कलेच्या कॉलेजात घातलं. तो शेवटच्या वर्षाला असताना ती गेली.

आता हे कामही हातचं जायची वेळ आलीये. मालक मुल्लाभाईंनी नवं मशीन आणलंय. साचा आत ठेवायचा, पडद्यावर दात आखायचा, मशीन तो कापून देतं. "उद्यापासून शिकायला बसतोस का, तेवढं सांग," मुल्लाभाई सकाळी म्हणाले. "तू नाही म्हणालास तर कंप्युटरवाला कुणीतरी बघावा लागेल. राग नको धरूस." श्रेयांसनं वर्गमित्राला फोन लावला. तो लग्नाच्या स्टेजसाठी थर्मोकोलचे हत्ती कापतो. "ये इकडं," तो म्हणाला, "निदान हत्ती तरी आहेत." श्रेयांस हसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याला वाटलं, आईचं सगळं भांडण आपण पाण्यात घालवलं.

डोळे मिटतात. प्लास्टरचा ओलसर वास जवळ येतो.

"कवापासनं उभारलोय मी. बस म्हणशील का नाही?"

आई दारात आहे. बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला जाताना काढतात तशा चपला तिनं उंबऱ्याबाहेर काढल्यात. लॅबमध्ये पेशंट कधी येत नाही. येतात ती नुसती तोंडं, चेहऱ्यावाचूनची. अख्खं माणूस आलेलं श्रेयांस पहिल्यांदाच पाहतोय, आणि त्याला सुचतं ते एवढंच, की खुर्ची पुसून द्यावी. आई गेलीये हे त्याला ठाऊक आहे. ते बोलून दाखवायचं नसतं, हेही ठाऊक आहे.

"काय काढलंस, आई?"

"काम अर्धं ठेवलंयस माझं. म्हटलं, बघून यावं."

ती टेबलामागं बोट दाखवते. तिथं भिंत नाही. तिथं कॉलेजातला मातीकामाचा लांब वर्ग आहे, वरून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या पडतायत, आणि ओली फडकी गुंडाळलेली डोकी रांगेनं उभी आहेत. श्रेयांस एक फडकं उचलतो. खाली आईचंच डोकं. कपाळ तिचं, नाक तिचं, कानाची जड पाळीही तिची. नाकाखाली मात्र मातीचा नुसता गोळा.

"तोंड कुठाय माझं?"

"आठवलं नाही गं. तू गेलीस त्या महिन्यात बसलो होतो करायला. तू कायम पदर धरायचीस तोंडावर. हसतानासुद्धा."

"दातावर दात होता न्हवं. लाज वाटायची."

"मग मी काय करणार?"

 आई पदर खाली घेते आणि हसते.

वरच्या ओळीतला समोरचा दात शेजारच्यावर अर्धा चढून बसलाय, गर्दीत कुणी कुणाच्या खांद्यावरून डोकावावं तसा. त्यानं वरचा ओठ डाव्या बाजूला जरासा उचलून धरलाय. म्हणून तर ती गप्प असली तरी काहीतरी बोलणार आहे असं वाटायचं! ओठ दातांवर टेकलेले असतात, हे श्रेयांसला कॉलेजात माहीत होतं. त्याच्या हातांना माहीत नव्हतं. हातांना ते या फळीवरच्या जबड्यांनी शिकवलं.

तो गुलाबी मेणाची पट्टी बोटांत धरून मऊ करतो. "चाव जरा. हळू. हां, आता सोड."

"कडू हाय की रं."

"मेण आहे ते, आई."

ती पदरानं जीभ पुसते आणि वर्गाच्या कोपऱ्याकडे वळते. पुतळ्यांच्या रांगेत, ओल्या फडक्याखाली, मुल्लाभाईंचं मशीन उभं आहे.

"हे कुणाचं डोस्कं?"

"मशीन आहे. आता तेच दात करणार. सगळे सरळ, सगळे सारखे."

"माझा जमंल त्याला?"

"नाही जमणार."

"का?"

"त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं."

"मग सांग की. तुला तरी चिखल मळायला पोटातनं येत हुतं?"

आता ते गावच्या घरामागं आहेत, न्हाणीच्या दगडापाशी. श्रेयांसचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेत आणि आई तांब्यानं वरून पाणी ओततेय. दगडाखालून ओघळ निघतो आणि पेरूच्या बुंध्याकडे जातो. पाणी थंड आहे. त्यामुळेच की काय, मनात अडकलेलं ते बाहेर पडतं.

"आई, माझ्यासाठी तू सगळ्या घराशी भांडलीस. आणि मी दाढा करत बसलोय. त्या डिग्रीचं काय झालं?"

"मी काय पुतळ्यासाठी भांडलो?" तिचा हात थांबतो. "तू मातीत बसलास की जेवायला हाक मारलेली तुला ऐकू यायची न्हाई. परत परत बोलवायला लागायचं. हे पोरगं दुकानात गोळ्या मोजाय बसलं तर पहिल्या हाकंला उठंल, म्हटलं, आणि आतनं वाळून जाईल. म्हणून भांडलो." ती उरलेलं पाणी त्याच्या बोटांवर ओतते. "आता काम करताना ऐकू येती का हाक?"

श्रेयांस विचार करतो. मुल्लाभाई चहा घेऊन दारात येतात. हाका मारून दमतात, शेवटी कप टेबलावर ठेवतात, आणि चहावर साय धरते.

"नाही येत," तो म्हणतो.

"मग झालं तर."

ती तांब्या पालथा घालते. त्याला अजून खूप विचारायचंय. तिथं कोण आहे सोबत, गुडघे दुखतात का अजून, बाबांना काय सांगू. पण आई मान वळवून कान देते.

"ऊठ. हाक मारायलेत तुला."

"श्रेयांस! अरे ए श्रेयांस!"

पंखा फिरतोय. गिरणीचा पट्टा चालू झालाय. दारात मुल्लाभाई, हातात किल्ल्यांचा जुडगा. "केव्हाचा बोलावतोय. झोप लागली होती काय?"

श्रेयांस डोकं उचलतो. कोपरापाशी टेबलावर गुलाबी मेणाची एक पट्टी पडलीये. मेण मऊ करायचा बाजूचा दिवा त्यानं आज पेटवलेलाच नाही. तरी पट्टीत खोल, ताजा चावा उमटलाय, आणि वरच्या ओळीत समोरचा एक दात शेजारच्यावर अर्धा चढलेला. श्रेयांस आपल्या दातांवरून जीभ फिरवतो. ते वडिलांसारखे आहेत, एका रेषेत.

मुल्लाभाई जवळ येऊन वाकतात. "ही केस कुठल्या डॉक्टरची?"

"घरातली आहे."

"बाई दिसतायत. नाव काय टाकू?"

"त्रिशला." ते नाव कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडातून निघतंय. "मुल्लाभाई, यात प्लास्टर भरून साचा काढतो. मशीनमध्ये कसा घ्यायचा, दाखवाल?"

"आत्ता? रविवारी?"

"आत्ताच."

संध्याकाळ होते तेव्हा पडद्यावर तो जबडा हळूहळू गोल फिरतोय. मुल्लाभाई अजून स्वतःच नीट शिकलेले नाहीत. माहितीपत्रक बघत बघत बोट दाखवतात. "इथं दाबलं की सगळे आपोआप सरळ लागतात बघ."

"ते नंतर," श्रेयांस म्हणतो. "आधी हा वाकडा आहे तसा कसा ठेवायचा, ते शोधू."

मुल्लाभाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात. मग उठतात आणि पडद्यासमोरची आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवतात.