माझा गुप्त उपास

गुपचूप उपास करणाऱ्या माणसानं डोक्याला तेल लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शास्त्रात नेमकं उलटं सांगितलंय, हे मला ठाऊक आहे. पण शास्त्र लिहिणाऱ्यांना माझी बायको ठाऊक नव्हती!

आमच्या जळगाव जामोदच्या ख्रिस्ती देवळात, ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या रविवारी लाईट गेली होती. पंखा बंद, त्यामुळे मला झोप लागली नाही आणि पाळकसाहेबांचा उपदेश चुकून पूर्ण ऐकला गेला. उपास करताना तोंड पाडून लोकांना दाखवू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कुणाला कळता कामा नये, देवाला कळलं म्हणजे झालं, स्वर्गात प्रतिफळ तोच देतो, असं ते सांगत होते. मला एकदम पटलं. तोवर माझी भक्ती काही धड चालली नव्हती. पहाटेच्या प्रार्थनेला गुडघे टेकले की तिथंच घोरायचो, आणि रोज शास्त्र वाचायचं म्हटलं तर वंशावळी आल्या की कोण कुणाचा बाप यातच अडकायचो. उपासाला मात्र काहीच करायचं नसतं, फक्त खायचं नसतं. म्हटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. दर शुक्रवारी सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत नुसतं पाणी, आणि या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

पहिली अडचण डब्याची. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि मंदा, म्हणजे माझी बायको, सकाळीच डबा हातात देते. नको म्हणावं तर गुपित फुटतं. भरलेला परत आणावा तर ती मला थेट दवाखान्यात नेते. शेजारचे वेल्डिंगवाले सलीमभाई वर्षभर माझा अर्धा डबा न विचारता खातात, पण यंदा आमचा उपासकाळ आणि त्यांचा रमजान बरोबरच आले! एरवी माझ्या भाकरीवर डोळा ठेवणारा माणूस आता डब्याकडे पाठ करून वेल्डिंग करायचा. शेवटी समोर भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या पार्वताबाईला डबा दिला. तिनं काही विचारलं नाही. जेवली, मीठ कमी आहे म्हणाली आणि डबा परत केला.

तो डबा मी धुतला. इथं चुकलंच. लग्न झाल्यापासून मी घरात एक चमचा धुतलेला नाही. त्यात शुक्रवारी सकाळी साबणानं तोंड, डोक्याला खोबरेल तेल आणि वरून पावडर (पावडरचा शास्त्रात उल्लेख नाही, ती माझी जास्तीची भक्ती). मंदा दारात उभी राहून बघत होती.

"एवढं नटून कुठं जाऊन राह्यले?"

"दुकानात."

"मोटारी पाहाले येतात काय तुम्हाले?"

मला त्याच दिवशी शहाणं व्हायला हवं होतं. उलट मी सलीमभाईंना गाठलं आणि घरून कुणी विचारलं तर मी जेवलो म्हणून सांगा, अशी गळ घातली. त्यांनी कानाला हात लावला.

"रोज्यात झूट नाही बोलनार भाऊ. ईद होऊ दे, मंग पाहिजे तेवढं बोलतो."

पुढच्या शुक्रवारी मी एका विहिरीवर जळालेली मोटार काढायला गेलो आणि नेमकी मंदा दुकानावर आली. तिनं विचारलं, सलीमभाईंनी खरं ते सांगितलं. हे दुपारी जेवत नाहीत, डबा एक बाई खाते. बाईचं वय मंदानं विचारलं नाही आणि सलीमभाईंनी आपणहून सांगितलं नाही. पार्वताबाईला पणतू आहेत, पण हे डब्यावर कुठं लिहिलेलं असतं?

मंदा भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं भांडी आदळली की समजावं, घरात सगळं ठीक आहे. पण ती गप्प झाली, आणि ते बोलणं देवळातल्या रत्नमालाकाकूंच्या कानावर घालून आली, कुणाला न सांगण्याच्या बोलीवर, "फक्त प्रार्थनेसाठी". आमच्या मंडळीत फक्त प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या एसटीच्या आधी खामगावला पोचते. मला मात्र कुणी पत्ता लागू दिला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी प्रार्थनासभा आमच्याकडे होती. दुकानातून आलो तेव्हा पोटात आतडी एकमेकांना ओरबाडत होती. दाराशी मंदाची बॅग भरलेली दिसली, पण भुकेपुढे बॅगेचा अर्थ लावायचं त्राण नव्हतं. कोपऱ्यात बसलो तर शेजारीच कापड झाकलेली परात. आत गरम आलुबोंडे!

रत्नमालाकाकूंनी प्रार्थना सुरू केली. काकूंची प्रार्थना उत्पत्तीपासून निघते आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला थांबते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. काकू मिसर देशात पोचल्या तेव्हा माझा हात कापडाखाली गेलेला होता. मी त्याला पाठवलं नाही, फक्त अडवलं नाही. पहिला बोंडा कुठं गेला ते कळलं नाही. दुसऱ्याचा अर्धा तोंडात होता, तोच काकू आमच्या घरात शिरल्या.

"प्रभू, या घरचा धनी आपला डबा परक्या बाईले चारून राह्यला. त्याले परत आण!"

आणि मंदाचा हुंदका आला. डोळे मिटूनच ती म्हणाली, "प्रभू, मी उद्या वरवटले भावाच्या घरी चालली." मला नाही, देवाला सांगत होती. स्वर्गातलं प्रतिफळ राहिलं बाजूला, इथं माझं घरच मोडायला निघालं होतं. मी ताडकन उभा राहिलो.

"मंदे, मी उपास करून राह्यलो वं! सकाळपासून पान्याशिवाय तोंडात काही घातलं नाही!"

सगळ्यांनी डोळे उघडले. माझ्या हातात अर्धा बोंडा होता, उरलेला गालात, आणि चटणी सदऱ्यावर. पाळकसाहेबांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. काकू आमेन म्हणायचं विसरल्या.

मंदा उठली. तिनं परातीवरचं कापड उचलून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले.

"खरं बोलून राह्यले हे," ती सगळ्यांना म्हणाली. "भरल्या पोटी कोनी असं खात नाही."

मग बाई कोण, ते विचारलं. पार्वताबाईचं नाव ऐकल्यावर ती इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. बॅग तिनं स्वतःच आत नेली, आणि येताना माझ्यासाठी ताटली घेऊन आली. बायको राहिली, यातच मला सगळं मिळालं.

मंडळीत मात्र माझ्या उपासाबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. फराळाची परात आता पाळकसाहेबांच्या मांडीला लावून ठेवतात. आणि रत्नमालाकाकू प्रार्थना करताना एकच डोळा मिटतात. दुसरा माझ्यावर असतो!