जावयाचे तीन हौद

जावयाला पोटभर जेवू घातल्याशिवाय कामाचं बोलू द्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्यामुळे माझ्या भाऊजींना, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, स्वतःच्या सासऱ्यावर सरकारी नोटीस बजावण्याआधी पाटोडीचा रस्सा आणि दोनदा वाढलेला भात संपवावा लागला. जेवण झाल्यावर ते इतके सुस्तावले, की नोटीस खिशातच ठेवून घरी गेले. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी ताटावर बसण्याआधीच ती बाबांच्या हातात दिली आणि मग निवांत जेवले.

भाऊजी आमच्याच गावच्या नगर परिषदेत आरोग्य निरीक्षक होते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कितीतरी कर्मचारी तिकडे गेले आणि इकडे उरलेल्यांच्या डोक्यावर दुप्पट कामं आली. डास, गटारं, मोकाट डुकरं आणि वैनगंगेचं पाणी, सगळं भाऊजींकडे. खालच्या गावांतून तक्रारी येत होत्या की नदीचं पाणी तांबडं येतं, अंगाला खाज सुटते. लग्नसराईच्या आत घाटावर रंगीत सूत धुणं बंद झालं पाहिजे, असं वरून त्यांना बजावलं होतं. आणि घाटावर नदी तांबडी करणारा माणूस होता माझा बाप.

बाबा रंगारी होते. आमची गल्ली विणकरांची, आणि सगळ्या मागांचं सूत रंगवायचं बाबांनी. भट्टीवरून उतरलेल्या सुताच्या लड्या ते घाटावर न्यायचे आणि न मुरलेला मोकळा रंग निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्यात घोळायचे. यंदा कोणत्या काठाची चलती आहे, हे आम्ही पोरी नदी पाहून सांगायचो. त्यात काही वाईट असेल हे आमच्या गावी नव्हतं. पण बाबांचा रंग पक्का होता, यात वाद नाही. पॉवरलूमच्या स्वस्त साड्यांनी बाजार भरला होता, तरी भंडाऱ्याचे व्यापारी आमच्या गल्लीची साडी घ्यायचे, ती केवळ रंग जात नाही म्हणून. ती एक गोष्ट गेली असती तर गल्ली बसलीच असती.

नोटीस वाचून बाबा म्हणाले, "वरून एवढ्या मोठ्या शहराचा नाला येऊन राहिला नदीत. तो नाही दिसत तुमाले, जवाईबापू?"

"दिसते ना, मामाजी. पण तो माझ्या हद्दीत नाही. तुमी आहात."

मला त्यांचा हा सरळपणा फार आवडायचा. दुसरा कोणी असता तर मोठमोठं बोलला असता.

बाबा चिडले, पण जावयावर चिडायची सोय नव्हती. मग ते आईवर चिडले. रस्सा अळणी झाला म्हणाले. तो झाला नव्हता.

पंधरवड्यात भाऊजी एक ट्रॅक्टर घेऊन दारात हजर. त्यात सिमेंटचे तीन मोठे हौद. जुना कोंडवाडा बंद पडला होता, त्यात गुरांच्या पाण्याचे हे हौद धूळ खात पडले होते. साहेबाच्या मागे लागून त्यांनी ते मिळवले होते. लड्या आधी पहिल्या हौदात, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात धुवायच्या, आणि घाण पाणी नदीत न सोडता मागच्या अंगणात चुना-वाळूच्या खड्ड्यात मुरवायचं, असा त्यांचा बेत होता.

बाबा हौदांकडे पाहत राहिले. "जवाईबापू, थांबल्या पाण्यात मोकळा रंग जात नाही. तो पुन्हा सुतावरच बसते."

"करून तं पाहू."

"तुमी करा."

आणि भाऊजी खरंच करायला बसले. रविवारी धोतर खोचून आमच्या अंगणात लड्या घोळू लागले. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावई सासुरवाडीत पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही, आणि हे कोपरापर्यंत लाल होऊन बसलेले. "लोकं म्हणतीन, जवायाले कामाले लावलं," असं पुटपुटत तिने अंगणाच्या दाराला जुनं लुगडं टांगून आडोसा केला. गल्ली तेवढ्याने थोडीच थांबणार होती. बाया लुगडं बाजूला सारून बघून जायच्या. सोमवारी भाऊजी लाल हातांनी कचेरीत गेले, तेव्हा हे रक्त कोणाचं म्हणून शिपायाने घाबरून विचारलं म्हणे.

त्या सुताची पहिली साडी मागावरून उतरली. लाल काठ, लाल पदर. आता तिची परीक्षा. बाबांची रीत अशी, की नव्या रंगाची पहिली साडी व्यापाऱ्याकडे जाण्याआधी घरातल्या बाईने भर उन्हाळ्यात दिवसभर नेसायची आणि चुलीपाशी घाम गाळायचा. आमच्याकडे ही पाळी दरवर्षी आईची. पण या वेळी आईने साफ हात वर केले. "मी नाही नेसत. उद्या रंग गेला तं जवायाच्या तोंडावर कसं सांगू?"

शेवटी ताई म्हणाली, "द्या इकडे. मी नेसते."

सिहोऱ्याला नात्यात लग्न होतं. आम्ही दोघी एसटीने गेलो. खिडकीतून आत येणारा वारासुद्धा भाजत होता. मांडवात ताईने सुपारी फोडण्यापासून पंगतीत वाढण्यापर्यंत सगळी कामं ओढून घेतली. घाम यावा म्हणूनच करत होती, हे मला ठाऊक होतं. परत माहेरी आल्यावर तिने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि पदर बाजूला केला. खांदा, दंड, कंबर, जिथे जिथे काठ टेकला होता तिथे तिथे लाल. मी ओल्या फडक्याने चोळलं, तर कातडीच लाल झाली, रंग हलला नाही.

ताई खाटेवर बसून राहिली. रंग पक्का आहे म्हणाली, तर माल बाजारात जाणार आणि बाबांचं नाव मातीत. खरं सांगितलं, तर नवऱ्याच्या सगळ्या खटपटीवर पाणी. तिची मला इतकी कीव आली, की मीच रडायला लागले. "तू काहून रडतेस व?" ती म्हणाली. "अंग माझं रंगलं." मग उठली, बाही वर सरकवली आणि बाहेर गेली.

ओसरीवर बाबा आणि भाऊजी दोघंही वाट बघत होते. ताईने हात पुढे केला.

भाऊजींनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते म्हणाले, "मामाजी, एवढी लग्नसराई घाटावरच धुवा. मी पाहून घेतो वर काय सांगायचं ते."

बाबांना हवं होतं ते हेच. नोकरीवर पाणी सोडायची वेळ येईल हे माहीत असून जावयाने ते देऊ केलं होतं. मला वाटलं, आता बाबा सुटकेचा निःश्वास टाकतील. पण ते ताईचा हात धरून बसले होते. अंगठ्याने तिच्या दंडावरचा रंग पुसत होते, पुन्हा पुन्हा, लहान मुलीच्या गालावरचं काजळ पुसावं तसं. रंग जात नव्हता.

"खालच्या गावात पोरी नदीवर आंघोळीले उतरतेत," ते हळूच म्हणाले. "आपला सगळा मोकळा रंग त्यायच्याच अंगावर जाऊन राहिला इतके वर्षं. त्यायचे बाप काय म्हणत असतीन मले?"

आई दारात येऊन उभी राहिली.

बाबा उठले आणि मागच्या अंगणात गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. तिसऱ्या हौदाच्या पुढे जमिनीवर त्यांनी पायाने रेघ ओढली. "आणखी एक हौद लागन. कदाचित दोन. माल उशिरा जाईन, व्यापारी बोंबलन, बोंबलू दे." कोपऱ्यातली कुदळ त्यांनी स्वतः घेतली आणि फावडं भाऊजींपुढे धरलं.

"धर, बाबू," ते म्हणाले. "मी खणतो, तू माती ओढ."

आईने काही बोलायला तोंड उघडलं. मग दारावरचं लुगडं ओढून काढलं आणि घडी घालत आत चहा ठेवायला गेली.