काळी पट्टी लावलेली कॅसेट

दापोडीचं जुनं घर पाडून तितं बिल्डिंग व्हनार म्हनून थोरल्या जाऊबाईनं सामान काढायला घेतलं. मी मदतीला गेल्ते. कपाटाच्या वरच्या फळीवर उंदराच्या औषधाच्या पुड्या, गंजलेला स्टो, आन त्येच्या मागं येक कॅसेट. जाऊबाईनं ती पुसलीबी न्हाई, तशीच माज्या म्होरं टाकली.

"इंग्रजी हाय. तुज्या पोरीला लागत आसंल तर ने. न्हाईतर भंगारवाला हायेच."

मी हातात घेतली. डबीवर येका बाप्याचा फोटू. शर्टाची बटनं बेंबीपतुर उघडी, घामानं चिंब, डोळं मिटल्यालं आन तोंड आ वासल्यालं. शिसारीच आली मला. टाकूनच देनार व्हते. डबी उघडली ती सवयीनं, आन कॅसेटीच्या वरच्या कडंला बोट लागलं. तितं काळी पट्टी चिकटवल्याली. वायरमन लोक वायरीला गुंडाळत्यात, ती.

मी तितंच खाली बसले.

आताच्या पोरांना ह्ये कळायचं न्हाई. इकत घेतल्याल्या गान्याच्या कॅसेटीवर दुसरं काय भरता यिऊ नये म्हनून तिच्या कडंला दोन बारकी भोकं उघडी ठेवल्याली आसायची. ती भोकं बुजवली की मंग तिच्यावर आपलं बोलनं भरता यायचं. कुनी कागुद कोंबायचं, कुनी बिडीच्या पाकिटाची चांदी. आमचे मालक वायरमन. त्ये काळी पट्टी लावायचे, कात्रीनं नीट कापून.

मालक पिंपरीला कंपनीत व्हते. कंपनीला टाळं लागलं, लई दिस उघडलं न्हाई, तवा त्ये मस्कतला गेले, बिल्डिंगीच्या कामावर. मला दुसरीपतुरची शाळा. सही येती, तेवढंच. पत्र लिवायचं तर थोरल्या दिराकडनं लिवून घ्यायचं. आता दिरासमोर नवऱ्याला काय सांगनार? पोटातलं पोर लाथा मारतंय, ह्ये? म्हनून आमच्या गल्लीत ज्येंचं कुनी आखातात गेलंय त्या समद्या बाया कॅसेटीत बोलून धाडायच्या. सुट्टीवरनं परत जानाऱ्या मानसाच्या हातात द्यायची, त्यो तितं पोचती करायचा. यिनारा मानूस तिकडची घिऊन यायचा. आमची येकच कॅसेट जायची न यायची. त्येंचं बोलनं ऐकायचं, मंग त्येच्यावरच आपलं भरायचं. म्हंजे त्येंचं पुसलं जायचं. तवा त्येचं काय वाटायचं न्हाई. मानूस यिनारच व्हता की.

बाळंतपनाला मी माहेराला गेले, चाकनच्या अंगाला आमचं गाव. आता तितं कुठल्या तरी कंपनीचे ट्रक उभे आसत्यात. तितंच सांगावा आला. परांचीवरनं पडले. मंग त्येंची पेटी आली. पोरगी त्येच्या मागनं झाली.

"ही कवा आलती?" मी जाऊबाईला इचारलं.

"तू माहेराला व्हतीस तवा. कुनी मानूस दिऊन गेला. ह्येंनी लावली बी व्हती. नुसतं आ ऊ आ ऊ निघालं. घरात पोरंबाळं, लगी बंद केली. मंग त्ये तसं झालं. कोन बगतंय कॅसेट?"

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुज्या नवऱ्यानं आसली गानी धाडली म्हनून? तूच मान खाली घातली आसतीस."

म्हातारं मानूस, घर सुटल्यालं, कुनाला काय बोलायचं. पन तिच्या घरचा च्या प्याले न्हाई. तसाच ठिवून उठले.

पोरगी ल्हान व्हती तवा मी तळवड्याच्या येका शेडमधनं रबराच्या पार्टाची पोती घरी आनायची. साच्यातनं निघाल्याल्या पार्टाला कडंनं पापुद्रा ऱ्हातो, त्यो बारक्या कात्रीनं कापायचा. बोटाला घट्टे पडायचे. त्येचं काय न्हाई. पन त्यो वास! साबन लाव, राख लाव, माती लाव, हाताचा वास जायचा न्हाई. भाकरी थापली की भाकरीला वास. पोरगी म्हनायची, "आई, आजपन रबराची भाकरी?" आन नाक दाबून खायची. मी तिला रागं भरले न्हाई. मलाच मळमळायचं.

कापता कापता ती माज्याजवळ बसायची आन इचारायची, "बाबांचा आवाज कसा होता गं? जाडा का बारीक?"

"मानसासारखा व्हता," मी म्हनायची.

काय सांगू तिला. मी इसरून गेल्ते. तोंड फोटूत ऱ्हातं. आवाज कुटं ऱ्हातो? पोरीनं तर त्यो कवा ऐकलाच न्हाई. ती मोठी झाली, शिकली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, लगीन झालं, पिंपळे सौदागरला फ्लॅट झाला, तरी दर साली बापाच्या आठवनीच्या दिवशी फोटूला हार घालताना ह्येच इचारायची. मी पन त्येच सांगायची.

ती कॅसेट मी तिच्या हातात दिली आन काळ्या पट्टीवर बोट ठिवलं. तिला सांगायला लागलं न्हाई. रबर कापताना मी तिला ह्या कॅसेटीच्या गोष्टी लई येळा सांगितल्या व्हत्या.

"म्हणजे ह्यात बाबा आहेत?"

"पट्टी लावलीय म्हंजे बोललेत. उगाच कोन पट्टी लावंल?"

आता कॅसेट लावायची मशीन हाय कुनाकडं? तिनं शोधून शोधून येक दुकानदार काढला. त्यो जुन्या कॅसेटी, लग्नाच्या व्हिडिओ, समदं पेनड्राइव्हवर घालून देतो. बोटाच्या पेरायेवढी वस्तू. रयवारी सकाळी ती टीव्हीला खोसली. जावई सोफ्यावर, पोरगी खाली माज्या पायाशी. पंखा बी बंद केला, आवाज नीट यावा म्हनून.

आन सुरू झालं.

आधी नुसतं धप्प, धप्प, धप्प. पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपच्या भिताडाला कान लावल्यावानी. मंग त्यो बाप्या आला. गानं न्हाई म्हननार मी त्येला. आधी हुंदका दिल्यावानी केलं. मंग श्वास घेतला, त्यो बी आमाला ऐकवला. मंग कानात तोंड घातल्यावानी कायतरी पुटपुटला आन येकदम किंचाळला. मागनं दोन-तीन बाया, त्या बी कन्हायला लागल्या. जावयासमोर मी कुटं बगू? पदर तोंडावर घेतला.

जावई मान हालवायला लागले.

"आई, हे सोल म्युझिक आहे. पॉप आणि सोल. त्या काळात लई गाजलेला अल्बम हा. सोल म्हणजे आत्मा."

"आत्म्याच्या पोटात दुखतंय का?" मी म्हनले.

पोरगी खदखदून हसली, पन डोळं टीव्हीवरच. तिला वाटत व्हतं, आत्ता ह्ये थांबंल आन बाप बोलंल. येक गानं सरलं की ती सरसावून बसायची. दुसरं सुरू झालं की खांदे पडायचे. दुसऱ्यात तर त्यो बाप्या नुसता चोखल्यावानी आवाज काढत व्हता. तिसऱ्यात येक बाई आली, ती गात न्हवतीच, गोड गोड बोलत व्हती, आन मधीच हसायची. कसलं त्ये हसनं! तोंडात रबराचा वास आला, खरंच सांगते, इतक्या वर्सांनी.

"बंद करू का, आई?" जावई म्हनले.

"न्हाई. सरू द्या."

कायबी झालं तरी उठायचं न्हाई, आसं मी ठरवलं व्हतं. पोत्यातले पार्ट सरंपतुर उठायचं न्हाई, तसंच. येक बाजू झाली, दुसरी झाली. शेवटचं गानं त्येच्यातल्या त्येच्यात लांबडं, त्यो बाप्या रडून रडून घसा फाडून मंग हळूहळू गप झाला. टीव्ही काळा पडला.

बाप बोलला न्हाई.

पोरीनं उठून पंखा चालू केला. मंग म्हनली, "असू दे गं आई. त्यांनी बोलायचं ठरवलं असेल, राहून गेलं असेल."

माज्या अंगात कडवट उठलं. त्या बाप्याची किळस, जाऊबाईची किळस, आन मालकांची बी. मरायच्या आधी ह्ये धाडलं? मला? पन ती पट्टी डोळ्याम्होरनं हालंना. कात्रीनं सरळ कापल्याली. ज्याला कायच बोलायचं न्हाई, त्यो येवढी नीट पट्टी कशाला लावंल?

"चल," मी म्हनले. "त्या दुकानात चल."

दुकानदार चाळिशीतला, बोलायला लई गोड. आमाला बघून खूश झाला.

"आवडलं का काकू? काय क्वालिटी आलीय ना? लोकांची घाण कॅसेट येते, मी नवी करून देतो."

"ह्येच्यात कुनी बोलत व्हतं का?" मी इचारलं.

"हो, होतं ना! शेवटच्या गाण्यावर कुणीतरी गाढवानं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. खाकरतोय काय, बडबडतोय काय. सगळं गाणं खराब. मी काय केलं, ते काढलं आणि नेटवरून अख्खं गाणं घेऊन तिथे बसवलं. एक्स्ट्रा काम, पण तुमच्यासाठी केलं."

पोरीच्या तोंडावरचं रगतच गेलं.

"त्ये गाढव तिचा बाप हाय," मी म्हनले.

दुकानदाराचं तोंड बगन्यासारखं झालं. हात जोडले, कान धरले, "सॉरी काकू, सॉरी ताई," चाललं. त्येची मला दया न्हाई आली. आपन हुशार म्हनून दुसऱ्याच्या घरातलं न इचारता झाडून काढायचं, आन वर शाबासकी मागायची. पन कॅसेट त्येनं टाकली न्हवती. खणातनं काढली, मशीनीत घातली, म्होरं पळवली. त्यो बाप्या किंचाळत व्हता, आन मधीच कट्ट झालं.

मंग खाकरनं आलं.

"हं. चालू हाय का? चालू हाय वाटतं. ऐकतीस का गं? मागच्या खेपंची तुजी कॅसेट मी पुसली न्हाई बग. ठिवून दिली. म्हनून ही दुसरी घेतली, खोलीतल्या मल्याळी पोराची हाय. शेवटच्या गान्यावर बोलतोय. बाकीची पुसू नको. खोलीत रोज हीच लावत्यात. काय कळत न्हाई, पन बरी हायेत. आल्यावर दोघं ऐकू. तुजी पाठ दुखती का अजून? जड उचलू नको. बरं, आता ह्ये मशीन पोटाला लाव जरा. लावलंस?" परत खाकरले. आन आवाज बारीक केला, लाजल्यावानी. "मी बोलतोय रं. न्हाईतर गं. आईला लई लाथा मारू नको. मी येतोच."

कट्ट झालं. आन त्यो बाप्या परत मधनंच कन्हायला लागला.

आवाज जाडा न्हाई, बारीक बी न्हाई. नाकातनं जरा. बोलता बोलता दम लागल्यावानी. मी कशी इसरले व्हते काय ठाऊक.

पोरगी काउंटरवर दोनी हात ठिवून उभी. रडली न्हाई. माजीच हाय ती.

"परत लावा," म्हनली.

दुकानदारानं परत लावलं. मंग परत. गिऱ्हाईक आलं तर त्येला बाहेर थांबवलं. शेवटी त्यो हळूच म्हनला, "ताई, आता मी फक्त बाबांचा आवाज वेगळा काढून देतो. गाणी सगळी काढून टाकतो."

पोरीनं माज्याकडं बगितलं. माज्या तोंडात आलंच व्हतं, काढा ती घान. पन मालकांनी सांगितलं व्हतं ना, पुसू नको म्हनून.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हनले. "जशी हाय तशी द्या. काय बसवू नका, काय काढू नका."

आता दर रयवारी पोरगी तसंच भरल्यालं पेनड्राइव्ह टीव्हीला लावती. सुरवातीपासनं लावती, मधनं न्हाई. मी शेवटपतुर बसते, पदर तोंडाला लावून. कितीबी येळा ऐकलं तरी मला त्येच्यात काय चांगलं दिसत न्हाई. खोलीभर बाप्ये दिसभर राबून येनार आन त्ये ऐकत झोपनार, ह्येचंच मला वंगाळ वाटतं. आल्यावर दोघं ऐकू म्हनले व्हते. आले आसते तर पैल्याच गान्याला मशीन बंद केली आसती मी, आन भांडले आसते.

परवा पोरगी ओट्यापाशी भाजी चिरत व्हती, आन तोंडातल्या तोंडात त्येच गानं. त्यो श्वास घ्यायचा आवाज बी तसाच.

"त्ये तोंडात आनू नको," मी म्हनले.

"बाबांना आवडायचं."

"त्येंना काय, त्येंना बिडी बी आवडायची," मी म्हनले, आन तिच्या हातातली सुरी काढून घिऊन कांदा चिरायला लागले.